ऐतिहासिक प्रेमकथेचा खाना दरवर्षी रिकामा राहतो, त्यावर काही उपाय

वर्षाच्या सुरुवातीला, प्रत्येक प्रकारच्या पुस्तकाला एक खाना अशी वाचनाची यादी करणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते. आत्मचरित्राचा खाना भरतो, कवितासंग्रहाचा भरतो, अनुवादित कादंबरीचा भरतो, दिवाळी अंकाचा तर फराळाबरोबरच भरून जातो. ‘ऐतिहासिक प्रेमकथा’ हा एकच खाना भरत नाही. फेब्रुवारीत हौसेने आणलेली कादंबरी शंभराव्या पानाच्या आसपास थबकते, उन्हाळ्यात उशाखाली जाते, पावसाळ्यात वाचनालयातून मुदत वाढवून घेतली जाते आणि पुढच्या जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरली तरी खूण त्याच पानात असते. आमच्या सोलापुरातल्या मैत्रिणींच्या गटात हे इतक्या जणींच्या बाबतीत आणि इतक्या नेमाने होतं, की यंदा कुणीतरी बसून नीट लिहून काढावं असं ठरलं. काम माझ्याकडे आलं, कारण मला हा प्रकार मुळातच आवडत नाही. ज्यांना आवडतो त्या सरळ वाचत सुटतात, त्यांना विचारून उपयोग नसतो.

माझ्या हातात सध्या आहे ती उत्तर पेशवाईत घडणारी कादंबरी. जाडजूड, बांधणी भक्कम, नायिका सरदाराची मुलगी, नायक शिलेदार. नाव देत नाही, कारण तिच्याबद्दल जे सांगणार आहे ते आणखी दहा-बारा कादंबऱ्यांना जसंच्या तसं लागू पडेल.

अशा वेळी मिळणारा नेहमीचा सल्ला म्हणजे ‘रोज दहा पानं नेमाने वाच’. हा आळसावरचा उपाय झाला. आळशी माणूस मुळात वाचनाची यादी करत बसत नाही. इथे रोग वेगळा आहे, आणि ‘रटाळ आहे गं’ म्हटल्याने तो कळत नाही. रटाळ म्हणजे नक्की काय? लढाया नकोशा होतात, की प्रेम नकोसं होतं, की दोन्हीच्या मधलं ते लांबलचक वर्णन? तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर पुस्तक आणखी जड होतं.

आधी हे करा

शेवटचं वाचलेलं प्रकरण पुन्हा उघडा आणि कागदाचे बारीक तुकडे घेऊन बसा. पुस्तक वाचनालयाचं असलं तर पेन्सिल नको. आधीच्या वाचकांनी समासात ‘वा!’ आणि ‘साफ खोटे’ लिहून ठेवलेलं असतंच, त्यात आपली भर कशाला. वाचताना जिथे डोळे ओळीवरून घसरले, जिथे परिच्छेद संपल्यावर काय वाचलं ते आठवेना, तिथे तुकडा घाला. प्रकरण संपलं की तुकडे कुठे जमलेत ते पाहा.

आमच्या घरात हा प्रयोग न करताच झालेला आहे. सासरे, म्हणजे अण्णा, अशा कादंबऱ्या वर्षानुवर्षं वाचतात आणि त्यांना त्यातलं प्रेम कधी दिसलेलंच नाही. मोहीम, वेढा, रसद, दगाफटका एवढं ते वाचतात. नायक नायिकेच्या महालाकडे निघाला, की अण्णा पानं उलटून थेट छावणीत जातात. सासूबाई नेमक्या उलट. त्यांना वाड्यात राहायचं असतं: कोण कुणाशी बोललं, किल्ल्या कुणाच्या कमरेला आहेत, धाकटीला कुणी तोडून बोललं. लढाई सुरू झाली की त्या म्हणतात, ‘बायका परत आल्या की सांग.’ दोघांनी मिळून एक कादंबरी पूर्ण वाचली असं धरायला हरकत नाही, आणि गंमत म्हणजे दोघंही तिला चांगलं म्हणतात.

त्यातूनच मला उपायाची दिशा मिळाली. ऐतिहासिक प्रेमकथा म्हणजे दोन पुस्तकं एकाच बांधणीत. ज्या अर्ध्याशी तुमचं भांडण आहे ते हलक्या हाताने ओलांडायचं आणि दुसऱ्या अर्ध्यासाठी वाचायचं. सगळं सारख्याच निष्ठेने वाचायला गेलं की शंभराव्या पानावर थकवा येतो.

तुकडे वर्णनांवर जमले असतील तर

हे सर्वात जास्त जणींचं होतं आणि सर्वात सोपं आहे.

प्रत्येक प्रकरण सूर्योदयाने किंवा सूर्यास्ताने सुरू होतं. मग नदी, मग घाट, मग घाटावरची लगबग, मग नायिका. माझ्या कादंबरीत नायिकेचे डोळे हरिणीसारखे आहेत हे लेखकाने इतक्या वेळा सांगितलंय, की आता प्रत्यक्ष हरिण आलं तर मी त्याला नायिकेच्या नावाने हाक मारेन. यामागे एक कारण आहे, आणि ते कळलं की राग निम्मा होतो. आपल्याकडे ही कादंबरी मासिका-साप्ताहिकांतून क्रमशः वाढली. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ ही मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते. ती १८७१ मध्ये ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकातून येऊ लागली. पुढे हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केलं आणि कादंबरीचा हप्ता ही घराघरांतली गोष्ट झाली. हप्ता वाचणाऱ्याला मधल्या दिवसांत मागचं विसरायला झालेलं असतं. म्हणून लेखक प्रत्येक वेळी जागा पुन्हा दाखवतो, वेळ पुन्हा सांगतो, कोण कुणाचा कोण ते पुन्हा उजळतो आणि शेवटी कुणाला तरी अंधारात दबा धरून बसवतो.

इंग्लंडमध्ये याच काळात कादंबरी तीन खंडांत निघायची. तिन्हींची मिळून किंमत साडेएकतीस शिलिंग, म्हणजे सामान्य घराला न परवडणारी, त्यामुळे लोक वर्गणी भरून वाचनालयातून न्यायचे. तीन खंड म्हणजे एकाच कादंबरीवर एका वेळी तीन वर्गणीदार. वाचनालयांना ते सोयीचं होतं, मग प्रकाशकालाही झालं, आणि लेखक तीन खंड भरतील इतकं लिहू लागला. तो साचा मोडला १८९४ नंतर. पण ऐतिहासिक कादंबरी म्हणजे जाडच हवी ही समजूत मागे राहिली. आज एकगठ्ठा छापून येणारी पेशवाईतली कादंबरीसुद्धा हप्त्यांच्याच चालीने चालते.

तर उपाय: हप्त्यासाठी लिहिलेली गोष्ट हप्त्यानेच वाचा. एका बैठकीत एकच प्रकरण. सलग चार प्रकरणं वाचली की चार सूर्योदय लागोपाठ अंगावर येतात आणि जीव नकोसा होतो. आठवड्याला दोन प्रकरणं वाचली तर तोच सूर्योदय उपयोगी पडतो, कारण तोवर आपणही विसरलेलो असतो. दुसरं म्हणजे प्रकरणाचं शेवटचं पान आधी वाचायचं. प्रेमकथेत शेवट गुपित नसतोच, एक तर लग्न किंवा मरण. कोण कुठे पोचणार हे कळलं की मधलं वर्णन किती वाचायचं ते आपलं आपल्याला ठरवता येतं.

आणि मोठ्याने वाचा. ही वाक्यं डोळ्यांसाठी लिहिलेलीच नाहीत. पूर्वी घरात एकजण वाचायचा आणि बाकीचे शेंगा सोलत ऐकायचे, त्या सोयीची आहेत. मी संध्याकाळी सासूबाईंना वाचून दाखवते तेव्हा डोळ्यांनी न संपणारं पान कानाने संपतं. नायिकेचं सौंदर्यवर्णन आलं की त्या म्हणतात, ‘पुढं घे.’ इतकं नेमकं संपादन मला अजून जमलेलं नाही.

तुकडे इतिहासावर जमले असतील तर

या गटातल्या बायका (आणि पुरुष तर जास्तच) प्रेमकथेला वैतागलेल्या नसतात. त्यांना चुका सहन होत नाहीत. यादवकाळातला शेतकरी भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा आणि शेंगाचटणी खातो, आणि आपलं वाचन तिथेच संपतं. मिरची आणि भुईमूग दोन्ही अमेरिका खंडातली, पोर्तुगीज आल्यानंतर इकडे पोचलेली. सोलापूरकराला हे पचायला जड जातं, पण सिद्धरामेश्वरांच्या बाराव्या शतकात इथे शेंगाचटणी नव्हती. ज्वारी होती.

दुसरी नेहमीची चूक घोड्याची. नायक संध्याकाळी विजापुरातून निघतो आणि पहाटे रायगडाच्या पायथ्याशी घाम पुसतो. नुसतं सोलापूर ते विजापूर हे अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. एकाच घोड्यावर, घोडा जिवंत ठेवून, ते दोन दिवसांचं काम. फौज आणि बुणगे, म्हणजे फौजेमागचे बिनलढाऊ लोक, बरोबर असले तर आठवडाही लागावा. वाटेत ठिकठिकाणी ताज्या घोड्यांची सोय असली तर गोष्ट निराळी, पण प्रेमात पडलेल्या एकट्या शिलेदाराला ती कोण देणार? तिसरी चूक वेळेची. घटका चोवीस मिनिटांची आणि प्रहर तीन तासांचा असताना नायिका ‘पाच मिनिटांत येते’ म्हणून आत जाते.

अशा वेळी पुस्तक भिंतीवर फेकण्याऐवजी एक वही घ्या आणि चुका लिहून काढा. मी गंमत म्हणून सांगत नाही. वही घेतली की हात कामाला लागतो आणि पुढचं पान उलटायला कारण मिळतं. आमच्यातली एक इतिहासाची शिक्षिका आहे. तिने अशाच एका कादंबरीचा फडशा केवळ चुका शोधण्याच्या हौसेने पाडला, आणि त्या चुका आता नववीच्या वर्गाला शोधायला देते. मात्र वहीत एक दुसरा रकानाही ठेवा: ‘हे खरं निघालं’. एखादी खोटी वाटणारी गोष्ट शोधल्यावर खरी निघते तेव्हा लेखकाबद्दलचं मत बदलायला लागतं. माझ्या कादंबरीत मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असताना सरंजामाच्या, म्हणजे चाकरीबद्दल तोडून दिलेल्या, गावांची यादी वाचली जाते. मला ते नाटकी वाटलं होतं. पण त्या काळच्या सरदार घराण्यांत सोयरीक आणि राजकारण एकाच बैठकीत ठरायचं, त्यामुळे यादी वाचणं हेच खरं आणि त्यावर नायिकेने फोडलेला टाहो लेखकाच्या पदरचा.

याच गटासाठी दुसरा उपाय जागेचा, आणि आपल्या जिल्ह्यात राहणाऱ्यांना तो फार सोपा आहे. कादंबरी संताजी-धनाजींच्या काळातली असेल तर एका सकाळी मंगळवेढ्याच्या रस्त्याने माचणूरला जाऊन या. भीमेच्या काठी किल्ला आहे, सिद्धेश्वराचं देऊळ आहे आणि शेजारी ब्रह्मपुरी. औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ या काळात इथे होती. दिल्लीचा बादशहा, त्याचा दरबार, जनानखाना, तोफा, बाजार, सगळं आपल्या भीमेच्या काठावर काही वर्षं नांदत होतं. तिथे उभं राहिलं की ‘बादशाही छावणी’ हे दोन शब्द वाचून डोळे घसरत नाहीत. नदीचं पात्र केवढं, पलीकडचा काठ किती लांब, रात्री गुपचूप ओलांडायचं म्हणजे काय, हे अंगाला कळतं. नायक ते पोहून गेला असेल का, याचा निवाडा मग तुमचा.

नळदुर्गचं तर आणखीच. फिलिप मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी १८५३ मध्ये निजामाकडून तो मुलूख कंपनीकडे आल्यावर तिथे कारभार बघायला आला. पुढे १८६३ मध्ये त्याची ‘तारा’ ही इंग्रजी कादंबरी निघाली, अर्थात तीन खंडांत. नायिका तुळजापूरच्या एका शास्त्र्याची मुलगी, गोष्ट अफजलखानाच्या स्वारीची. म्हणजे आपल्या उंबऱ्यावरची ऐतिहासिक प्रेमकथा दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी लंडनच्या वाचनालयांतून फिरत होती. टेलरने तीन कादंबऱ्या शंभर-शंभर वर्षांच्या अंतराने बेतल्या: १६५७, १७५७ आणि १८५७. अफजलखान मारला गेला १० नोव्हेंबर १६५९ रोजी, तेव्हा पहिला आकडा जुळवून घेतलेला आहे हे उघड आहे. पण हा माणूस नळदुर्ग-तुळजापूरच्या वाटांवर कामानिमित्त हिंडलेला होता. इतिहासाची पक्की आणि वाटांची कच्ची कादंबरी, की वाटांची पक्की आणि सालांची कच्ची? मला विचाराल तर दुसरी. साल आपल्याला दुरुस्त करता येतं.

तुकडे प्रेमावर जमले असतील तर

माझे सगळे इथे जमले. त्यामुळे इथे जरा थांबते.

प्रेमप्रसंग खोटे का वाटतात, हे मला बराच काळ कळत नव्हतं. इंग्रजीतल्या तशाच कादंबऱ्या मी बऱ्यापैकी खपवून घेते, मराठीतल्या नाही. दोन्हीकडचे नायक सारखेच उंच आणि सारखेच घमेंडखोर, मग फरक कुठे? फरक भेटीत आहे. इंग्रजी प्रेमकथांचा लाडका काळ म्हणजे रीजन्सी, १८११ ते १८२०. राजा आजारी, मुलगा त्याच्या नावाने कारभार बघतोय, आणि लंडनमध्ये हंगाम सुरू झाला की उमरावांच्या घरातल्या अठरा-वीस वर्षांच्या अविवाहित मुली आयांबरोबर नाचाच्या कार्यक्रमांना जातायत. लेखिकेला आयता दिवाणखाना मिळतो. मुलगा, मुलगी, दिवे, वाद्यं, आणि सगळ्यांच्या देखत हात हातात घ्यायची परवानगी.

त्याच वर्षांत आपल्याकडे काय होतं? पुण्याच्या गादीवर दुसरा बाजीराव होता. मे १८१८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा सेनानी मन्रो याच्या फौजेने सोलापूरचा भुईकोट घेतला. आणि ब्राह्मणांच्या, सरदारांच्या घरातल्या मुलींची लग्नं आठव्या-दहाव्या वर्षी होत होती. संमतिवयाचा कायदा झाला १८९१ मध्ये, त्याने मुलीच्या शरीरसंबंधाच्या संमतीची मर्यादा दहावरून बारावर नेली आणि तेवढ्यानेही केवढं रान उठलं. शारदा कायदा १९२९ चा, त्यात मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा. म्हणजे उत्तर पेशवाईतली अठरा वर्षांची, अविवाहित, थोरामोठ्यांच्या घरातली मुलगी घाटावर एकटी उभी राहून परक्या तरुणाकडे बघतेय, हे चित्रच मुळात लेखकाने ओढूनताणून आणलेलं असतं. प्रेमाला जागाच नाही, आणि लेखकाला पाचशे पानांची प्रेमकथा लिहायची आहे.

हे लक्षात आल्यावर मी प्रश्न बदलला. ‘हे खरं वाटतं का?’ याऐवजी ‘या लेखकाने भेट कशी जमवली?’ असं विचारत वाचायला लागले आणि पानं उलटायला लागली. युक्त्या तशा मोजक्याच आहेत. बाप मोहिमेवर गेला आणि परतला नाही, म्हणून मुलीचं लग्न राहून गेलं. शिलेदार जखमी होऊन वाड्यात पडला आणि औषधपाण्याला दुसरं कुणी नाही. मुलगी पुरुषवेषात घोड्यावर. देवीची जत्रा, नदीचा पूर, शत्रूने पळवून नेणं. कलावंतिणीला नायिका केलं तर भेटीची अडचण सुटते, पण लग्नाची अडचण दुप्पट होते, आणि चांगला लेखक ती अडचण टाळत नाही. मला सर्वात प्रामाणिक वाटते ती युक्ती अशी: लग्न लहानपणीच झालेलं आहे, नवरा वर्षानुवर्षं मुलुखगिरीवर, आणि तो परततो तेव्हा दोघं एकमेकांना पहिल्यांदा धडपणे पाहतात. त्यात इतिहासही मोडत नाही आणि हुरहुरही खरी असते. फक्त त्यात अडथळा कमी, म्हणून लेखक तिकडे फारसे वळत नाहीत.

माझ्या कादंबरीत हत्ती पिसाळतो. देवीच्या पालखीसमोर. नायक सोंडेखालून नायिकेला उचलतो, आणि सव्वाशे पानं तटून बसलेली गोष्ट हलते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून भाकऱ्या थापायला गेले. पण हत्ती पिसाळण्याखेरीज त्या काळात तरुण मुलीशी दोन शब्द बोलायची सोय नव्हती, हे एकदा मान्य केलं की त्या हत्तीचा राग येत नाही. उलट पुढे लेखक काय करतो इकडे लक्ष जातं. त्याने एक गोष्ट चांगली केली आहे: मुलीला परपुरुषाचा स्पर्श झाला, म्हणून ठरलेली सोयरीक धोक्यात येते, आणि सोयरिकीबरोबर गावांची ती यादी. म्हणजे जिथे वाचकाला प्रेम दिसतं तिथे घरच्यांना हिशेब दिसतो. ही पाच-सहा पानं मी सावकाश वाचली. नायकाचे उसासे मात्र आजही वाचत नाही.

ज्यांचे तुकडे प्रेमावर आहेत त्यांनी म्हणून अशी पानं शोधावीत, जिथे प्रेम आणि वतन, जात, हुंडा, दत्तक, कर्ज यांची गाठ पडते. तिथे लेखकाला कामच करावं लागतं. चांदण्यात दोघंच असताना तो सहसा सुट्टीवर असतो.

नायकाचाच संताप येत असेल तर

याला उपाय नाही आणि शोधूही नये. जुन्या कादंबऱ्यांत, आणि काही नव्यांतही, नायक नायिकेला उचलून नेतो, कोंडून ठेवतो, तिचं ‘नाही’ हे लाजणं समजतो आणि शेवटच्या प्रकरणात तीच त्याच्या पाया पडते. ‘तो काळच तसा होता’ हे उत्तर इतिहासाच्या पुस्तकाला चालेल. कादंबरी लिहिणारा त्याच्या स्वतःच्या काळात बसून ठरवतो, वाचकाला कुणाबद्दल माया वाटावी. इथे पुस्तक सरळ परत करा. दंड झाला असेल तर भरा.

वेळ आणि ऊन

सोलापूरच्या मे महिन्यात, पारा बेचाळीसवर असताना, दुपारी जेवून जाड पुस्तक हातात घेतलं तर कुठलीही कादंबरी झोपच आणणार. त्याचा दोष शिलेदाराला देऊ नका. पहाटे साडेपाचला नाहीतर रात्री गच्चीवर. जाड पुस्तक आडवं पडून वाचू नका, मनगट दुखतं आणि नाकावर पडतं.

मोजायचं काय

गटात यावर दरवर्षी वाद होतो, म्हणून आमचे नियम सांगते, पटले तर घ्या. वर्णनं गाळून वाचलं तरी पुस्तक वाचलं असं धरायचं. ऑडिओबुक ऐकलं तरी धरायचं. कपड्यांना इस्त्री करताना ऐकलेली लढाई डोळ्यांनी वाचलेल्या लढाईइतकीच खरी असते, आणि वेग थोडा वाढवला तर सूर्योदय लवकर उरकतात. पहिलं आणि शेवटचं प्रकरण वाचून खाना भरायचा नाही. अर्ध्यावर सोडलं आणि का सोडलं ते एक पानभर लिहिलं, तर खाना अर्धा रंगवायचा. हा शेवटचा नियम एका मैत्रिणीने वैतागून मांडला होता, पण त्यामुळे आम्हाला फार चांगली पानं वाचायला मिळाली, काही तर त्या कादंबऱ्यांपेक्षा चांगली.

सोडायची वेळ कशी ओळखायची? तुकडे लढाईवर, प्रेमावर, वर्णनावर, सगळीकडे सारखेच पडत असतील आणि एखादंही दुय्यम पात्र आठवत नसेल, तर सोडा. एखादी दासी, खंडोजी नावाचा मोतद्दार, कुणीतरी लक्षात राहिलं असेल तर अजून जीव आहे; त्याच्यापुरतं वाचत राहा.

आणि खाना कल्पित कथेनेच भरायला हवा असं कुणी लिहून ठेवलेलं नाही. यंदा आमच्यातल्या एकीने डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं चरित्र त्या खान्यात टाकलं. १९१० मध्ये सोलापुरात जन्मलेला मुलगा, १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला, तिथे युद्धातल्या जखमींवर उपचार करता करता क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्याने १९४१ मध्ये लग्न केलं, पुढच्या वर्षी मुलगा झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात, बत्तिसाव्या वर्षी, तो वारला. मुलाच्या नावात भारत आणि चीन या दोन्ही देशांचा निर्देश आहे. स्मारक आपल्याच शहरात आहे. ‘हे चरित्र आहे, प्रेमकथा नव्हे’ असा आक्षेप निघाला. मी तिच्या बाजूने बोलले: इतिहास आहे, प्रेम आहे, दोन्ही खरे आहेत, आणि एकही हत्ती पिसाळलेला नाही. मतदान अजून व्हायचं आहे.

पुढच्या वर्षी पुस्तक निवडताना मात्र वाचनालयात उभ्या उभ्याच तीन ठिकाणी बघून घ्या. पहिलं पान: सूर्य उगवतोय का? मग दोघांची पहिली भेट शोधा, साधारण पाचव्या-सहाव्या प्रकरणात सापडते, आणि ती कशी जमवली आहे ते वाचा. शेवटी लेखकाचं मनोगत. त्यात त्याने कुठले कागद पाहिले आणि काय पदरचं घातलं ते सरळ सांगितलं असेल, तर घरी न्या. मनोगतात नुसतीच मायभूमी आणि तिच्या रजःकणांना वंदन असेल, तर शेजारचं पुस्तक उचला.